नडियादची बातमी कोणी फोडली?

१

पेटीचं कुलूप शाबूत होतं, किल्ली सुमनच्या कमरेला होती, साड्यांच्या घड्या जशाच्या तशा होत्या. नव्हती ती फक्त फाइल.

हे सुमनने योगिताला सांगितलं ते गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आणि अशा आवाजात सांगितलं, की काउंटरवर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी आपापली तिकिटं उद्यावर ढकलून काढता पाय घेतला.

योगिताचं दुकान सुरतेच्या दिंडोलीत, घराच्याच पुढच्या खोलीत. एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर रेल्वेच्या एजंटचं प्रमाणपत्र आणि बाहेर मराठी-गुजराती दोन्ही लिप्यांतली पाटी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, भुसावळ. दिंडोलीतल्या निम्म्या खान्देशाला गावी पोचवायचं काम ती पाच वर्षं करत होती. योगिताच्या दुकानातून तिकीट बाहेर जातं, बातमी जात नाही, असा तिचा लौकिक होता. त्याची तिला थोडी घमेंडही होती, आणि का असू नये?

"कोणाला बोललीस तू?" सुमनने विचारलं.

"सुमनवहिनी, आईशपथ, कोणालाही नाही!"

"नडियादचं मला माहीत आणि तुला. मी बोलले नाही. मग?"

प्रकरण साधं नव्हतं. सुमनचा धाकटा भाऊ गणेश एकोणतीस वर्षांचा, दोन्ही किडन्या निकामी, नडियादच्या इस्पितळात आठवड्यातून तीनदा यंत्रावर. आईची किडनी साखरेच्या आजारामुळे चालेना. उरली ही एकटी बहीण. शुक्रवारी दुपारी बाराला तिच्या तपासण्या ठरल्या होत्या. ती वेळ हुकली तर पुढची दीड महिन्याने, आणि तोवर गणेश तग धरेल असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. फाइलमध्ये इस्पितळाचे कागद होते आणि सुमनचं माहेरच्या नावाचं जुनं आधारकार्ड. ती गणेशची सख्खी बहीण आहे याचा तिच्याजवळचा तेवढाच पुरावा.

घरात यातलं कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा वाल्मिक सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात लूम चालवायचा. चार महिन्यांपूर्वी गणेशचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला होता, "आपल्या घरातून असलं काही व्हायचं नाही." सासू मंगलाबाई त्या वेळी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आणि मंगलाबाई गप्प बसल्या, की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात अशी त्यांची ख्याती! तेव्हा सुमनने ठरवलं, आधी तपासणी गुपचूप उरकायची, पुढचं पुढे.

"काल रात्री फाइल पेटीतच होती. आत्याबाई सकाळी नऊलाच बाहेर पडल्यात," सुमन म्हणाली. "कामरेजला बहिणीकडे जाते म्हणाल्या. पिशवीत काहीतरी चपटं होतं."

तिने काउंटरचा काठ घट्ट धरला होता. गाडीला आता वीस तास उरले होते.

२

"चोर कोण ते सोड, ते आंधळ्यालाही दिसतंय," कोपऱ्यातून आवाज आला. "मंगलाला पेटी उघडायचं सुचलं कसं, ते बघ."

कोपऱ्यात पंख्याखाली सुभद्राबाई बसल्या होत्या. रोजच बसत; फक्त मागचे तीन दिवस तापामुळे आल्या नव्हत्या. वय बासष्ट, एका कापड गिरणीत एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर काढलेली. टेबलावरून कापड धावतं ठेवायचं आणि त्यातला एक तुटका धागा बोटाने पकडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कापड सुटलं, बोट सुटलं नाही. गल्लीतली भांडणं, हरवलेल्या अंगठ्या, मोडता मोडता राहिलेली लग्नं, सगळीकडे त्यांचं ते बोट बरोबर तुटक्या धाग्यावर पडायचं.

"किल्ली तू आंघोळीला जाताना खुंटीला लावतेस ना? मग झालं. बाहेरचा चोर साड्यांच्या घड्या घालत बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण मंगलाला कोणीतरी सांगितलंय. तो सांगणारा सापडला, तर तिला किती कळलंय ते कळेल. म्हणजे ती फाइल घेऊन कुठे गेली, तेही कळेल."

"मावशी, मी खरंच..."

"तू नाहीस असं मी कुठे म्हटलं? तू आहेस असंही नाही म्हटलं. तिकीट काढलं कधी, आणि तेव्हा इथे कोण होतं?"

योगिताने आठवून पाहिलं. सोमवारी सुमन आली तेव्हा मालतीबाई बसल्या होत्या. सुमनच्या शेजारी राहणाऱ्या. गल्लीत वर्तमानपत्र कोणी घेत नाही, कारण मालतीबाई फुकट असतात.

तिघी तडक त्यांच्या दारात गेल्या. मालतीबाई भरताची वांगी भाजत होत्या.

"माले कसाले इचारस?" त्या एकदम उसळल्या. "मी कोनले काही सांगं नही! ही कुठंतरी जाई राह्यनी, इतलंच आयकं मी. मंग तुमी हळू बोलाले लागल्या. मी काय कान टवकारीसन बसू का?"

बसल्या होत्या, हे चौघींनाही माहीत होतं. योगिताचा जीव हलका झाला; चोराला बातमी देणारी सापडली असं तिला वाटलं. तेवढ्यात मालतीबाईंनी सुमनकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पन तू आजून आठेच कशी गं? तुनी गाडी तं आज सकायले व्हती ना? चुकनी का?"

सुभद्राबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला. ही नाही."

३

"नाही कशी?" योगिताने रस्त्यात विचारलं. "कबूल तर झाल्या ऐकलं म्हणून!"

"गुरुवार ऐकला तिने. तू आधी गुरुवारची गाडी बघितलीस?"

"हो. ती भरलेली होती. मालतीकाकू गेल्यावर मी शुक्रवारचं काढलं."

"मग मालतीने सांगितलं असतं तर मंगलाने फाइल कालच उचलली असती. आज सकाळी उचलून काय उपयोग, मालतीच्या हिशेबाने गाडी तर निघून गेलेली. बरं, तिकिटाचा कागद सुमनच्या हाती कोणी दिला?"

योगिता जरा घुटमळली. सोमवारी वीज गेली म्हणून प्रिंट संध्याकाळी निघाली. सुमनला पुन्हा येणं जमणार नव्हतं. तेव्हा योगिताने नेहमीचंच केलं. त्या बाजूला जाणाऱ्या माणसाच्या हाती कागद दिला. घडी घालून, पिन मारून. तो माणूस म्हणजे राघो, सुमनच्या मागच्या चाळीत राहणारा, इच्छापोरला कंत्राटावर वेल्डिंग करणारा.

"म्हणजे बाईमाणसाचं नाव, वय, गाडी, डबा," सुभद्राबाई सावकाश म्हणाल्या, "सगळं स्टेपलरच्या एका पिनेच्या भरवशावर?"

पाच वर्षांत हे असं तिला कोणी म्हटलं नव्हतं.

राघोची दुसरी पाळी होती, म्हणून तो घरी सापडला. सुभद्राबाईंना पाहताच त्याने हातातली बशी खाली ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्याच्या तोंडावर लख्ख पडलं होतं.

"मावशी, खोटं नाही बोलणार. पिन काढली मी."

"कशाला?"

"बंद होता ना कागद, म्हणून."

एवढं खरं उत्तर ऐकल्यावर रागवायचं कसं, हा प्रश्नच होता. "काय वाचलंस?"

"वहिनींचं नाव, वय बत्तीस, शुक्रवार, उधना ते नडियाद. मग पिन त्याच भोकांत परत बसवली. पंधरा मिनिटं लागली."

"आणि सांगितलंस कोणाकोणाला?"

"कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर पिन काढली हे कळलं नसतं का?" राघोने सुमनकडे बघून मान खाली घातली. "उद्या रात्रपाळीवाल्या मित्राला सोडायला मी उधन्याला जाणारच आहे. म्हटलं वहिनी प्लॅटफॉर्मवर दिसल्या तर पिशवी उचलून देऊ."

"उधन्याला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मग? तिकिटावर तेच आहे की."

बाहेर आल्यावर सुमनने डोळे पुसले. "मावशी, हे नाही, ते नाही. मग राहिलं कोण?" आणि तिची नजर पुन्हा योगितावर येऊन थांबली.

४

नाक्यावर आनंदाची रिक्षा उभी होती. आनंदा जालन्याचा, सुरतेत बारा वर्षं. गल्लीतली कोण बाई कुठे जाते हे तिच्या घरच्यांआधी त्याला कळायचं. पण विचारल्याशिवाय तो बोलत नसे, हा त्याचा मोठेपणा.

सुभद्राबाईंनी विचारलं.

"मंगलामावशी? सकाळी मीच सोडलं की त्यांना."

"कामरेजच्या बसला?"

"कामरेज नाय, बेन. सचिनच्या."

सुमन मटकन फुटपाथवरच बसली. सचिन म्हणजे वाल्मिकचा कारखाना. सासू फाइल घेऊन थेट मुलाकडे गेली होती. आता संध्याकाळी दोघं मिळून घरी येणार, वाल्मिक तोच नकार पुन्हा ऐकवणार, आणि गणेश तिकडे बारा वाजता दाराकडे बघत बसणार. हे सगळं तिने बोलून दाखवलं नाही, पण योगिताला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

"आणिक एक," आनंदा चाचरत म्हणाला. "मला त्यांनी उद्या पहाटे पाचला बोलावलंय. सुरत स्टेशनला जायला. ‘उशीर केलास तर याद राख’ म्हणाल्या."

"सुरत स्टेशन?" सुभद्राबाईंचं बोट हवेत थांबलं. "नक्की? उधना नाही?"

"मीच म्हटलं, मावशी उधना जवळ पडेल. तर म्हणे, गाडी सुरतेवर धरायची आहे."

सुमन पुटपुटली, "म्हणजे स्टेशनावर तमाशा करणार."

सुभद्राबाई मात्र योगिताकडे वळल्या. "दुकानात चल. मला धागा सापडला. पण तुला तो आवडायचा नाही."

५

दुकानाचं दार त्यांनी ओढून घेतलं.

"ऐका. मालतीला गुरुवार ठाऊक. राघोला शुक्रवार ठाऊक, पण उधना. मंगलाला शुक्रवारही ठाऊक आणि सुरतही. हे सुरत कधी ठरलं?"

"मंगळवारी," योगिता म्हणाली. "वहिनी दुपारी आल्या. उधन्याला सकाळी सचिनच्या पाळीची माणसं असतात, कोणीतरी ओळखेल म्हणाल्या. मी चढायचं स्टेशन बदलून सुरत केलं."

"तेव्हा दुकानात कोण होतं?"

"कोणीच नाही. आम्ही दोघीच."

"कागद पुन्हा छापलास?"

"नाही. जुनाच चालतो."

"म्हणजे ही गोष्ट तुम्हा दोघींच्या बाहेर गेलीच नाही. तरी मंगलाला कळली."

सुमनने मान वर केली आणि थंडपणे म्हणाली, "मी तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही."

योगिताला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आपण बोललो नाही हे तिला स्वच्छ माहीत होतं, आणि हिशेब मात्र तिच्याच नावावर येऊन संपत होता. दुसरं कोणी असतं तर तिनेही त्यालाच चोर ठरवलं असतं.

"तू तोंडाने नसशील बोललीस," सुभद्राबाई म्हणाल्या. "मला सांग, स्टेशन बदललं की काय होतं?"

"काही नाही. इथे बटण दाबायचं. मग रेल्वेकडून मेसेज जातो."

"कोणाला?"

"तिकिटावरच्या मोबाईलला."

"कोणाच्या मोबाईलला?"

योगिताने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आपल्याला ते माहीतच नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने तिकीट पडद्यावर उघडलं. दहा आकडे. सुमन वाकली, तिने शेवटचे चार वाचले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हा आत्याबाईंचा नंबर आहे."

सगळा उलगडा एका क्षणात झाला, आणि योगिताला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आखाजीच्या सणाला हे सगळं घर अमळनेरला गेलं होतं, तेव्हाची तिकिटं तिनेच काढली होती. नंबर विचारला की गल्लीत कोणीही आपला सांगत नाही. घरातल्या मोठ्या माणसाचा सांगतात. मोठं माणूस समोर असताना आपला नंबर पुढे करणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून योगिताच्या संगणकात घरागणिक एक यादी होती: सगळ्यांची नावं, वयं, आधार, आणि खाली एकच मोबाईल, घरातल्या वडीलधाऱ्याचा. सोमवारी गर्दी होती. सुमनचं नाव पुन्हा टाइप करण्यापेक्षा तिने ती जुनी यादी उघडली आणि सुमनच्या नावापुढे खूण केली. नाव आलं, त्यामागून नंबर आला. तिकीट निघाल्याचा पहिला मेसेज मंगलाबाईंना, स्टेशन बदलल्याचा दुसराही मंगलाबाईंना.

"काखेत कळसा," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

"वहिनी," योगिता म्हणाली, "मीच फोडली बातमी. मालतीकाकू नाहीत, राघो नाही. मी. मला माफ करा."

सुमनने पडद्यावरच्या त्या दहा आकड्यांवर बोट ठेवलं. "माझ्याकडे फोन आहे, योगिता," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर मी नंबर दिला असता."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली, आणि अख्ख्या गल्लीला ओळखीचा असलेला एक दणदणीत आवाज आला, "सुमन आठे शे का?"

६

मंगलाबाई आत आल्या. मागे वाल्मिक, अंगावर अजून कापसाचे तंतू, आणि चेहरा असा, जणू रस्ताभर कोणी कान पिळत आणलंय. मंगलाबाईंच्या हातात फाइल होती.

सुमन उठून भिंतीला टेकली. योगिता मधे पडली. "काकू, चूक माझी आहे. वहिनींना काही बोलू नका."

"तू व्हय बाजूले. तुनाशी मंग बोलसू." मंगलाबाईंनी फाइल काउंटरवर ठेवली. "सुमन, हाई तिसरं पान वाच."

"ते गुजरातीत आहे, आत्याबाई. मला नीट येत नाही."

"माले तं कोन्तंच येत नही! मेसेज ऊना तो औषधाच्या दुकानात वाचाडी लिना. नडियाद म्हने. नडियाद म्हणजे किडनीनं इस्पितळ, हाई सुरतमा पोऱ्हेसोऱ्हेले बी माहीत. मंग मी दोन दिवस वाट दखी. म्हटलं आज सांगीन, उद्या सांगीन. तू काही बोलनीच नही. म्हनून पेटी उघाडी." त्यांनी फाइलवरून हात फिरवला. "ते बरं नही कयं मी. पन उघाडी."

मग ही फाइलही त्या त्याच औषधाच्या दुकानात वाचून घ्यायला गेल्या होत्या. तिसऱ्या पानावर सोबत आणायच्या गोष्टींची यादी होती आणि यादीत शेवटी लिहिलं होतं: किडनी देणारी स्त्री विवाहित असेल तर पतीने ओळखपत्रासह हजर राहावं. हजर नसेल तर तपासणी होणार नाही.

योगिताने ते पान ओढून वाचलं. खरंच तसं होतं. सुमन एकटी गेली असती, तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

"म्हनून सचिनले गयतू," मंगलाबाई म्हणाल्या. "याले बाहेर बोलावं. हाऊ म्हने, आई, आपल्या घरमा असलं नको. मी म्हटलं, तुनी बहीन आजारी पडती तं? मंग मुकादमले सांगीसन दोन दिवस रजा मांडी."

"सगळ्या कारखान्यासमोर सुनावलं आईने, मावशी," वाल्मिक सुभद्राबाईंना म्हणाला. मग सुमनकडे वळून, जमिनीकडे बघत म्हणाला, "मला भीती वाटली होती गं. तुला काही झालं तर, याची. मी ते नीट बोललो नाही."

"मीबी घाबरनू व्हती," मंगलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हनून येताना डॉक्टरले इचारं, एका किडनीवर माणूस जगस का? तो हो म्हने. माले खरं वाटनं नही. मंग दुसरा डॉक्टरले इचारं. तोबी हो म्हने." त्यांनी सुमनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुले काय वाटनं, मी वाघीन शे का? खाई टाकती का तुले?"

सुमन त्यांच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडली. चार महिने दाबून ठेवलेलं रडू ते, लवकर थांबणारं नव्हतंच. योगिताचा जीव भांड्यात पडला. तिने कोणाला दिसू नये म्हणून प्रिंटरमधला कागद उगाच सारखा केला.

"साप साप म्हणून भुई धोपटली की आपण," सुभद्राबाई हसून म्हणाल्या.

"हसू नको, सुभद्रा," मंगलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी योगिताकडे मोर्चा वळवला. "आज मी व्हती म्हनून ठीक. एखादीना सासरा ऱ्हाता, मारकुटा नवरा ऱ्हाता, तं? तो मेसेज त्याले गया असता तं?"

योगिताने मान डोलावली. त्या संगणकात एकशे बारा घरं होती, आणि प्रत्येक घराखाली एकच नंबर.

"आज संध्याकाळी सगळे नंबर पुसून टाकते, काकू. यापुढे ज्याचं तिकीट त्याला विचारणार. आणि कागदसुद्धा ज्याच्या त्याच्या हातात."

"पुस. पन आधी तिकीट काढ. त्याच गाडीनं. मना आनि याना. पोरगी दोन दिवस तठे एकली कशी ऱ्हाई?"

सुदैवाने जागा शिल्लक होत्या. योगिताने दोन नावं घातली, दोन वयं घातली; मंगलाबाईंनी आपलं वय तीन वर्षांनी कमी सांगितलं आणि आधारकार्डाने त्यांना उघडं पाडलं. मग मोबाईलचा रकाना आला. सवयीने तिची बोटं यादीकडे निघाली होती. तिने ती मागे घेतली.

"काकू, मेसेज कोणाच्या मोबाईलवर पाठवू?"

मंगलाबाईंना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हिना मोबाईलवर टाक. माले कोठे वाचता येस! आनि तिना तिकिटावरला मना नंबर काढी टाक."

सुमन गप्पच राहिली. सासूसमोर आपला नंबर सांगायची तिला सवय नव्हती. शेवटी मंगलाबाई वैतागून उठल्या, वाल्मिकला दंडाला धरून दाराबाहेर घेऊन गेल्या आणि पायरीवर पाठ करून बसल्या.

"सांग आते," त्या बाहेरून ओरडल्या. "आमी कोनी आयकत नही."

सुमनने डोळे पुसले, काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात आपला नंबर सांगायला सुरुवात केली.